रविवार उंबरठ्यापाशीच थांबला

रविवारची सुट्टी आपल्याला कुणी दिली, असं विचारलं तर बहुतेक जणी पटकन म्हणतील, "इंग्रजांनी, आणखी कुणी! त्यांना चर्चमध्ये जायचं असायचं ना!" मैत्रिणींनो, हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. साहेबाच्या कचेरीला रविवारी कुलूप लागायचं, हे खरं. पण त्याच साहेबाच्या राज्यात मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायाबापड्यांना रविवार ठाऊकच नव्हता. तो त्यांना मागून, भांडून, सह्या-अंगठे गोळा करून मिळवावा लागला. आणि त्या भांडणाचा पुढारी होता आपल्या ठाण्यात जन्मलेला एक माणूस, नारायण मेघाजी लोखंडे.

कामगार पुढारी म्हटलं की आपल्या भागात आजही पहिलं नाव निघतं ते डॉ. दत्ता सामंतांचं. साहजिकच आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळची खोली विकून कल्याणच्या पुढे सरकलेली कितीतरी कुटुंबं अंबरनाथ-बदलापुरात आहेत. त्याआधीही विम्कोची काडेपेटी, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, शहाडची सेंच्युरी रेयॉन यांच्या पाळ्यांवर इथल्या चुली पेटत आणि विझत. युनियन, बोनस, घेराव हे शब्द आपल्या घरात नवे नाहीत. पण या सगळ्याची सुरुवात ज्याने केली, त्याच्याविषयी घराघरात फारसं बोललं जात नाही. आणि त्याने मिळवलेल्या गोष्टीचा बायकांशी काय संबंध, हे तर त्याहून कमी.

लोखंड्यांचा जन्म १८४८ चा. माळी समाजातलं साधं कुटुंब. बेताचं शिक्षण झाल्यावर आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईच्या मांडवी मिलमध्ये स्टोअरकीपर म्हणून लागले. म्हणजे गिरणीतला माल मोजणारा, नोंदी ठेवणारा माणूस. स्वतः मागावर उभा न राहणारा, पण मागावर उभं राहणाऱ्यांना रोज डोळ्यांनी पाहणारा. जोतीराव फुल्यांचे ते सत्यशोधक सहकारी. १८८० साली त्यांनी 'दीनबंधू' हे वर्तमानपत्र चालवायला घेतलं. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेलं हे पत्र बंद पडायच्या बेतात होतं. लोखंड्यांनी ते मुंबईहून चालवलं आणि शेतकरी-कामगारांची दुःखं त्यात छापायला सुरुवात केली.

त्या काळच्या गिरणीचं चित्र जरा डोळ्यांपुढे आणा. विजेचे दिवे आले नव्हते, त्यामुळे सूर्य हाच मालक. उजाडलं की भोंगा, मावळलं की सुटका. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम तेरा-चौदा तासांचं. दुपारी जेवायला ठरलेली सुट्टी नाही. यंत्र सुरू असतानाच कोपऱ्यात बसून भाकरी खायची. गिरणीत बायका मोठ्या संख्येने होत्या, विशेषतः सूत गुंडाळायच्या खात्यांत. आणि आठवड्याची सुट्टी? मालकाच्या मर्जीवर. ज्या दिवशी गिरणी बंद असे, त्या दिवशीही अनेक ठिकाणी अर्धा दिवस येऊन यंत्रं पुसावी लागत. म्हणजे कामाचा नव्हे, पण यंत्राच्या आंघोळीचा दिवस!

१८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्यांचं निवेदन तयार केलं. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय होत्या बघा. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर अपघात झाला तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय. आज वाचताना यात जगावेगळं काय, असं वाटेल. पण एकशे चाळीस वर्षांपूर्वी हे मागणं म्हणजे आभाळाला हात लावणं होतं.

याच सुमाराला त्यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' काढली. भारतातली ही पहिली कामगार संघटना मानली जाते. गंमत म्हणजे आजच्या अर्थाने तिला युनियन म्हणणंही कठीण. वर्गणी नाही, घटना नाही, सभासदांची यादी नाही. एक माणूस, एक वर्तमानपत्र आणि कामगारांचा विश्वास, एवढंच भांडवल. तरी ती चालली. आपल्या भिशीला तरी कुठे घटना असते? चालतेच ना वर्षानुवर्षं!

निवेदन दिलं आणि सुट्टी मिळाली, असं मात्र झालं नाही. सहा वर्षं गेली. पुन्हा सभा, पुन्हा अर्ज. शेवटी २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला मोठी सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले. आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी उभं राहून भाषणं केली!

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बसून राहिले होते. १८९० साल हो! शिकलेल्या घरातल्या बायकांनी चारचौघांत बोलणंही जिथे अवघड, तिथे गिरणीत राबणाऱ्या दोघी दहा हजारांपुढे उभ्या राहिल्या. लाऊडस्पीकर नाही, व्यासपीठावर ओळख करून देणारं कुणी असलं तर असलं. पदर खोचून, आवाज चढवून बोलल्या असतील. पुढाऱ्यांची नावं राहिली, या मात्र 'दोन स्त्री कामगार' एवढ्याच ओळखीने इतिहासात राहिल्या. आपल्यातल्या किती जणींच्या आजी-पणजी अशाच नुसत्या 'बाई' म्हणून नोंदल्या गेल्या असतील!

त्या सभेनंतर दीड महिन्याने, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. त्यानंतर सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगातही लोखंडे होते. १८९१ चा कारखाने कायदा आला. त्यात साप्ताहिक सुट्टी आली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, बायकांचं काम जास्तीत जास्त अकरा तास आणि त्यात दीड तास विश्रांती असं ठरलं. नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी झाली. यावरून आधी काय चालत असेल, ते ओळखा.

लोखंड्यांची नजर फक्त गिरणीपुरती नव्हती. त्याच १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांच्या केशवपनाला आम्ही हात लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यामागे सत्यशोधकांचा आणि लोखंड्यांचा पुढाकार होता. ज्यांच्या हातात वस्तरा, त्यांनीच तो खाली ठेवायचा. बाईच्या बाजूने झालेला हा संपच म्हणायचा! १८९३ च्या दंगलीनंतर हिंदू-मुसलमान कामगारांत सलोखा राहावा म्हणून ते झटले. १८९५ मध्ये त्यांना रावबहादूर किताब मिळाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ज्यांना शक्य होतं ते गाव सोडून पळाले. लोखंडे रुग्णांसाठी राबत राहिले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुलेही प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. २००५ साली भारत सरकारने लोखंड्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. परळच्या श्रमविज्ञान संस्थेला आज त्यांचं नाव आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडला, चाळीत आला, घराच्या उंबरठ्यापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. आत शिरलाच नाही!

आपल्या रविवारचं वेळापत्रक मी सांगायला हवं का? आठवडाभर बदलापूर लोकलला लटकून गेलेल्या बाईचा रविवार म्हणजे साठलेलं धुणं, दळण, आठवड्याचा भाजीबाजार, नाश्त्याला पोहे नकोत काहीतरी वेगळं, दुपारी मटण नाहीतर मासे, संध्याकाळी पाहुणे. माझ्या शेजारच्या ताईंची तर आणखी तऱ्हा. यजमानांच्या कंपनीची सुट्टी शुक्रवारी, मुलांची शाळेची सुट्टी रविवारी. म्हणजे ताईंच्या घरात आठवड्याला दोन सुट्ट्या, आणि दोन्ही दिवशी त्यांचं काम दुप्पट! त्या हसून म्हणतात, "सोमवार आला की मला जरा बरं वाटतं गं."

हे नुसतं बायकांचं रडगाणं नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, कोण कुठल्या कामात किती वेळ घालवतं याची. घरच्या बिनपगारी कामात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुष ९७ मिनिटं. आणि तेही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचं. हात लावणारे होते चारातला जेमतेम एक! बायकांमध्ये पाचातल्या चार.

पण नोकरी करणारीला निदान ऑफिसातून तरी रविवारची सुट्टी असते. आपल्या तीन गावांत अशा हजारो बायका आहेत, ज्यांना तीही नाही. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचच्या बाजूला जा. जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांतून गठ्ठे घरोघर जातात. धागे कापायचे, बटणं लावायची, घड्या घालायच्या. पैसे नगावर. १९४७ नंतर सिंधी कुटुंबं या कॅम्पांत आली, तेव्हापासून पापड लाटून घर चालवणाऱ्या बायकाही इथल्याच. नगावर काम म्हणजे सुट्टी घ्यायला कुणी अडवत नाही, फक्त त्या दिवशी पैसे नाहीत. कायद्याचं म्हणाल, तर १८९१ चा कायदाही पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या, इंजिनावर चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. घरात बसून काम करणारी बाई तेव्हाही त्याच्या बाहेर होती. आज २०२० च्या नव्या श्रम संहितेत आठवड्याला सहा दिवसांपेक्षा जास्त काम नको असं लिहिलंय, पण ते आस्थापनेतल्या कामगाराला. पलंगावर बसून धागे कापणारीचा पलंग काही आस्थापना होत नाही.

मग अशा बायकांनी करायचं काय? इथे मला एक स्कॉटिश बाई आठवते, मेरी मॅकार्थर. जन्म १८८० चा, ग्लासगोचा. वडिलांचं कापडाचं दुकान. दुकानातल्या नोकरांच्या युनियनची सभा होती, तिची जरा टर उडवणारं काहीतरी लिहावं म्हणून ही मुलगी तिथे गेली, आणि भाषण ऐकून युनियनचीच झाली. १९०६ मध्ये तिने फक्त बायकांची कामगार संघटना काढली. १९१० मध्ये इंग्लंडमधल्या क्रॅडली हीथ या गावात साखळ्या बनवणाऱ्या बायका संपावर गेल्या, त्यांचं नेतृत्व तिने केलं. या बायका कारखान्यात जात नव्हत्या बरं का! घरामागच्या झोपडीवजा खोलीत भट्टी पेटवून, मुलं शेजारी ठेवून घण मारायच्या. आपल्याकडच्या गठ्ठेवाल्या बायकांसारख्याच, नगावर. सरकारने त्यांच्यासाठी ताशी अडीच पेन्स असा किमान दर ठरवला. मालकांनी काय केलं? लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांकडून 'आम्हाला हा दर नको' अशा कागदांवर खुणा करून घेतल्या! मेरीने सभा घेतल्या, वर्तमानपत्रांत फोटो छापून आणले. त्यात एकोणऐंशी वर्षांची एक आजीही होती. दहा आठवडे संप चालला आणि मालकांनी सह्या केल्या. संपासाठी जमलेल्या वर्गणीतून पैसे उरले, त्यातून कामगारांसाठी एक सभागृहही बांधलं गेलं.

ग्लासगो कुठे आणि उल्हासनगर कुठे, असं म्हणाल. पण दोन्हीकडे अडचण एकच आहे. कारखान्यात शंभर जणी एका छपराखाली असतात, जेवायच्या सुट्टीत बोलतात. घरी काम करणारी प्रत्येक जण एकटी असते. शेजारणीला नगाला किती मिळतात, हेसुद्धा आपण विचारत नाही, सांगत तर त्याहून नाही. शेठला तेच हवं असतं. म्हणून पहिली पायरी अगदी साधी आहे. गठ्ठा आणायला जाताना चौघींनी एकत्र जा आणि भाव एकमेकींना सांगा.

तिसरा रविवार नसलेला गट आपल्या सगळ्यात जवळचा. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. पगारवाढ आणि सुट्टी या मागण्या होत्या, आणि त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नाव नोंदवलं तर काही मदतीच्या योजना मिळतात, पण आठवड्याच्या सुट्टीची सक्ती त्यात नाही. जून २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ठराव केला की घरकामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती हवी. भारताने बाजूने मत दिलं, पण तो करार अजून स्वीकारलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करा, असं केंद्राला सांगितलं. कायदा येईल तेव्हा येईल. तोपर्यंत ही सुट्टी आपल्या ओट्यापाशीच ठरणार आहे.

आमच्या बदलापूरच्या सोसायटीत मागच्या वर्षी हेच झालं. आमच्या विंगमधल्या चार-पाच मावश्या एकत्र आल्या आणि म्हणाल्या, रविवारची सुट्टी पाहिजे. लिफ्टपाशी, पाण्याच्या टाकीपाशी आठवडाभर दुसरा विषय नव्हता. "रविवारीच तर पाहुणे असतात." "मग पगार कापायचा का?" "आज सुट्टी मागतात, उद्या बोनस मागतील." तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आम्हाला कुठे आहे सुट्टी? आम्ही आयुष्यभर भांडी घासलीच ना?" त्यावर क्षणभर सगळ्या गप्प झाल्या, कारण काकू खरंच बोलल्या होत्या. पण आपल्याला नाही म्हणून तिलाही नको, हा काही न्याय झाला नाही.

मग एकीने सुचवलं, "रविवारी भांडी भिजवून ठेवू, सोमवारी घासतील." त्यावर आमच्या मावशींनी जे उत्तर दिलं ते मला फार पटलं. म्हणाल्या, "ताई, मग ती सुट्टी कुठली? सोमवारी दोन दिवसांची भांडी माझ्याच पुढ्यात ना!" मैत्रिणींनो, गिरण्यांत सुट्टीच्या दिवशी यंत्रं पुसायला बोलवायचे, त्यातलाच हा प्रकार. दुसऱ्या दिवशी फेडावी लागते ती सुट्टी नव्हे, ती उधारी! १८८४ च्या त्या निवेदनात 'पूर्ण' सुट्टी मागितली होती, ती उगाच नाही.

आणि हाच हिशेब आपल्यालाही लागू आहे. रविवारी हॉटेलात जेवायला नेलं आणि सोमवारी धुण्याचा डोंगर तसाच वाट बघत असला, तर तीही उधारीच. घरातल्या रविवारचं काम घरातल्या सगळ्यांत वाटलं गेलं, तरच त्या दिवशी मावशींची सुट्टी आपल्या अंगावर पडणार नाही. आमच्याकडे आता रविवारची भांडी मुलगा आणि त्याचे बाबा घासतात. कढईला थोडं तेल राहतं. राहू दे.

सोसायटीत शेवटी ठरलं ते असं. महिन्यातला दुसरा आणि चौथा रविवार सुट्टी, पगार कापायचा नाही, रविवारची भांडी ज्याच्या त्याच्या घरात त्याच दिवशी घासायची. वहीत लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. आमच्या मावशींनीही सही केली, नावासकट, आडनावासकट. वही परत देताना त्या शांतपणे म्हणाल्या, "आत्ता दोन घेतो. पण मागणी चारची हाये, तेवढं खाली लिहून ठेवा."

लिहून ठेवलंय.